नाव न सांगणाऱ्या मदतनीसांचे आभार

सॉफ्टवेअर डेव्हलपर म्हणून पहिली नोकरी मिळाल्याचे पत्र गेल्या आठवड्यात हाती आले. ज्यांची नावे मला ठाऊक नाहीत किंवा ज्यांनी ती लिहू नयेत असे बजावले आहे, त्या सर्वांचे आभार मानल्याशिवाय कामावर रुजू होणे मला योग्य वाटत नाही.

माझा तीन पानी बायोडेटा एका पानावर आणायला लावणाऱ्यांचा मी ऋणी आहे. त्याहून मोठे ऋण सराव मुलाखती घेणाऱ्या बाईंचे आहे. दहा लाख नोंदींच्या क्रमवार यादीत बायनरी सर्चला (दरवेळी मधल्या नोंदीशी तुलना करून शोधण्याच्या पद्धतीला) फार तर २० तुलना पुरतात, हे मला पाठ होते. पण प्रत्येक तुलनेनंतर उरलेली यादी निम्मी होते म्हणून असे घडते, हे फळ्याशी उभे राहून, न अडखळता, मोठ्याने सांगता येईपर्यंत त्यांनी मला सोडले नाही. खऱ्या मुलाखतीत प्रश्न वेगळाच आला, तरी विचार बोलून दाखवण्याची सवय कामी आली.

एका ओपन सोर्स (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा) प्रकल्पाची देखभाल करणाऱ्यांनी माझी पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला माझा बदल स्वीकारण्याची विनंती, चार वेळा परत पाठवली (तेव्हा मला रागच आला होता), आणि कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशात काय बदलले यापेक्षा का बदलले हे लिहिणे का गरजेचे असते, ते दरवेळी शांतपणे समजावले. मुलाखतीचा निम्मा वेळ त्याच बदलावरच्या चर्चेत गेला.

नकार कळवताना कारणही लिहिणाऱ्या त्या अनोळखी अधिकाऱ्यांचेही आभार. डेटाबेसमधील इंडेक्स (माहिती लवकर शोधण्यासाठीची सूची) मला नीट उमगलेला नाही, हे त्यांच्यामुळे वेळीच कळले.