भिक्खूंना मत नसलेल्या देशातून

थिम्फू, भूतान

आदरणीय आई-बाबांस,
सविनय जयभीम.

बाबा, ‘बौद्धांच्या देशात पत्रकाराला काय काम?’ असे तुम्ही फोनवर हसत विचारलेत. त्याचे उत्तर जरा लांबीचे आहे, म्हणून लिहायला बसले.

इथला धम्म आपल्या घरातला नव्हे, हे आधी सांगते. दीक्षाभूमीवर १९५६ साली आजोबांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि कर्मकांड उंबऱ्याबाहेर ठेवले. इथे मात्र गुरू पद्मसंभव, रक्षक देवता आणि लोण्याचे दिवे रोजच्या जगण्यात आहेत. आईला हे रुचणार नाही. जोंगच्या, म्हणजे इथल्या किल्ल्याच्या, एकाच तटबंदीत एकीकडे जिल्ह्याची कचेरी आणि दुसरीकडे मठ, ही राज्य आणि धर्म यांची सतराव्या शतकापासूनची जोडी. तरीही २००८ च्या संविधानाने धर्माला राजकारणाच्या वरचे स्थान दिले आणि त्यामुळे भिक्खूंना मतदानाचा हक्कच ठेवला नाही. यावर बाबा तासभर वाद घालतील, याची मला खात्री आहे.

मला खरे अवघड जाते ते निराळेच. आपल्याला चवदार तळ्याच्या पाण्यासाठीही १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. इथे दूरचित्रवाणी आणि इंटरनेट १९९९ मध्ये राजाच्या परवानगीने आले, आणि लोकशाहीही चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनीच पुढे केली, तेव्हा ‘राजेच बरे आहेत’ असे प्रजा त्यांना विनवीत होती. दान म्हणून मिळालेल्या गोष्टीची चिकित्सा करणे अनेकांना कृतघ्नपणाचे वाटते, आणि माझा तर व्यवसायच चिकित्सेचा.

खासगी वृत्तपत्रे २००६ मध्ये सुरू झाली, पण त्यांची बरीचशी भिस्त सरकारी जाहिरातींवर राहिली आणि त्या आटल्या तशी काही बंद पडली. रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेच्या वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या यादीत २०२२ मध्ये तेहेतिसावा असलेला हा देश २०२४ मध्ये १४७ वा झाला. मला रोज जाणवतो तो मात्र संकोच: लोकसंख्या आठ लाखांहून कमी, त्यामुळे ज्याच्यावर लिहायचे तो बातमीदाराच्या मामेभावाचा साहेब निघतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या सुमारे एक लाख नेपाळीभाषक ल्होत्साम्पांना देश सोडावा लागला आणि ते नेपाळमधल्या छावण्यांत गेले. तो विषय काढला की समोरचा माणूस चहा मागवतो.

परकी असल्याने मी हे प्रश्न विचारू शकते, कारण इथे माझा कुणी मामेभाऊ नाही. पण बातमी छापून आल्यावर मला नागपूरची वाट मोकळी असते आणि बोलणाऱ्याला त्याच गल्लीत राहायचे असते. म्हणून नाव न छापण्याची विनंती मी हल्ली मुकाट्याने मान्य करते, मग संपादक कितीही कुरकुर करोत.

सध्या ऑस्ट्रेलियाला निघालेल्या तरुण शिक्षकांवर आणि सरकारी नोकरांवर लिहीत आहे. प्रगती ‘सकल राष्ट्रीय आनंदा’ने मोजणाऱ्या देशातून इतकी माणसे का जातात, हे ते मोकळेपणाने सांगतात, कदाचित व्हिसा हाती आल्यावर भीड चेपत असावी. लेख तयार झाला की आधी बाबांकडे पाठवीन. त्यांनी लाल शाईने खुणा कराव्यात, आणि आईने त्या वाचून मगच मला पाठवाव्यात.

तुमची,
सुजाता