घरच्या रुग्णसेवेवर परिचारिकेची देखरेख सक्तीची करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरी रुग्णाची काळजी घ्यायला माणूस पुरवणाऱ्या संस्थांना एक अट घातली जावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे. संस्थेने पाठवलेल्या माणसाचे काम नोंदणीकृत परिचारिकेने पहिल्याच दिवशी रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून पाहावे आणि पुढेही ठरलेल्या अंतराने येऊन पाहत राहावे. ओळखपत्र, पोलिस पडताळणी, आधीच्या घरांचे दाखले हे सगळे हवेच. पण त्यातून माणूस भरवशाचा आहे एवढेच कळते. अर्धांगवायू झालेल्या रुग्णाला त्याला कुशीवर वळवता येते का, हे त्या कागदांवरून कळत नाही.

मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीची बहुतेक वर्षे मेडिसिन वॉर्डात गेली, शेवटी तिथेच इन्चार्ज होते. आता ओळखीतून बोलावणी येतात. ‘सिस्टर, आईला जरा बघून जाता का?’ असा फोन आला की मी जाते. बहुतेक घरांत चोवीस तासांची बाई किंवा मुलगा असतो. घरचे लोक जिवापाड करत असतात, आलेला माणूसही बहुधा मनाने चांगला असतो. तरीही पाठीवरची चादर बाजूला केली की काही ठिकाणी पोटात खड्डा पडतो.

वॉर्डात नवी मुलगी चुकली तर शेजारच्या खाटेवरून दुसरी सिस्टर हाक मारते, राउंडला डॉक्टर विचारतात, ड्युटी बदलताना पुढची बाई पांघरूण काढून बघते. चूक झाली तरी काही तासांत कोणाच्या तरी नजरेला पडते. घरात हे काहीच नसते. दार बंद, रुग्ण आणि एक माणूस. त्या माणसाचे काय बरोबर आणि काय चुकीचे चालले आहे, हे ओळखणारे घरात कोणी नसते. रुग्णाला बोलता येत नसेल किंवा स्मृतिभ्रंश असेल तर तक्रार करणारेही कोणी नाही. अशा वेळी त्याच्या अंगाची कातडी काय सांगते, तेच वाचावे लागते.

मध्यंतरी एका घरी गेले होते. आजोबा पक्षाघाताने खाटेला खिळलेले. संस्थेने पाठवलेली बाई मनापासून काम करणारी होती. केस विंचरलेले, नखे कापलेली, कपडे स्वच्छ, खोलीला वास नाही. मी मोजे काढले. डाव्या टाचेवर रुपयाएवढा जांभळट डाग. माकडहाडावर लाली होती, तिच्यावर बोट दाबून उचलले तरी ती जागा पांढरी पडली नाही, लालच राहिली. दाबल्यावर जी लाली जात नाही, ती बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी. टाचेवरचा जांभळा रंग त्याहून वाईट, कारण तिथे आतले मांस आधीच दुखावलेले असते आणि वरून कातडी अखंड दिसते. बाईने लाली पाहिली होती. म्हणून ती तिथे रोज तेल लावून जोरजोरात चोळत होती आणि बसताना खाली हवेची रिंग ठेवत होती. तिला तसेच कोणीतरी सांगितले होते. हाडावरची लाल झालेली जागा चोळू नये, चोळण्याने आतल्या बारीक रक्तवाहिन्या आणखी दुखावतात. रिंगने कडेला दाब पडतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून तीही आता वापरत नाहीत. टाच वाचवायची तर पोटरीखाली उशी घेऊन टाच अधांतरी ठेवायची. पाठ वाचवायची तर पूर्ण कुशीवर न घालता साधारण तीस अंशांत कलंडते ठेवायचे, दर दोन तासांनी किंवा रुग्णाच्या प्रकृतीप्रमाणे बाजू बदलायची, आणि बदलताना खालच्या चादरीने उचलायचे, फरफटत ओढायचे नाही. घरात हवेची गादी होती. गादी आहे म्हणून रात्री वळवायची गरज नाही, असा सर्वांचा समज. गादीने दाब कमी होतो, वळवणे सुटत नाही.

हे सगळे मी त्या बाईला करून दाखवले. ती एकदा बघून शिकली, दुसऱ्यांदा माझ्यादेखत तिने स्वतः केले, आणि छान केले. संस्थेतून आजवर तिच्याकडे कोणी फिरकलेच नव्हते. फोन येत होता, पण ‘हजर आहेस ना?’ एवढाच.

बेडसोअर निदान डोळ्यांना दिसतो. इन्सुलिनची चूक दिसतही नाही. इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट आणि 100 युनिट. सिरिंजही त्याप्रमाणे वेगळी, लाल टोपीची 40 साठी आणि नारिंगी टोपीची 100 साठी. शंभरच्या बाटलीतले औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत भरले, तर वीस युनिटऐवजी पन्नास जातात. अडीचपट. रुग्णाला घाम फुटतो, तो बडबडतो किंवा गप्प पडून राहतो, आणि वयामुळे झोप लागली असेल असे वाटून पहाटेपर्यंत त्याला तसेच ठेवले जाते. रक्तातली साखर 70 च्या खाली गेली की धावपळ करायची असते, पण हे त्या माणसाला कोणी शिकवायला हवे. इन्सुलिन कोणी टोचायचे आणि कोणी टोचायचे नाही, हेच मुळात संस्थेने लेखी ठरवलेले नसते. ‘आमची मुलगी सगळं करते’ असे फोनवर सांगितले जाते. ‘सगळं’ या शब्दात नाकातल्या नळीतून दूध घालणे, लघवीची नळी सांभाळणे, जखमेची पट्टी, इंजेक्शन असे काय वाटेल ते येते. अंघोळ घालणे, भरवणे, चालवणे एका माणसाचे काम आणि इंजेक्शन देणे दुसऱ्याचे. ही सीमा कागदावर आणि घरच्यांसमोर स्पष्ट असायला हवी.

नाकातल्या नळीचे तर मला फार भय वाटते. नाकपुडीशी नळीवर कोणता आकडा दिसतो, तो दर वेळी पाहायचा. आकडा बदलला असेल तर नळी सरकली आहे, मग एक थेंबही घालायचा नाही, सिस्टरला बोलवायचे. डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश वर हवी आणि नंतर निदान अर्धा तास तशीच राहायला हवी. आडवे ठेवून घातलेले दूध फुप्फुसात जाऊ शकते. लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. रुग्णाला खुर्चीत बसवताना पिशवी त्याच्या मांडीवर किंवा छातीवर ठेवलेली मी अनेकदा पाहिली आहे. पिशवीतली लघवी नळीतून परत आत जाते आणि जंतुसंसर्ग होतो. हे करणाऱ्यांना त्यातला धोका माहीतच नसतो.

हात धुण्याचे वेगळे सांगायला नको, असे सगळ्यांना वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने साबणाने हात धुवायला 40 ते 60 सेकंद आणि अल्कोहोल चोळायला 20 ते 30 सेकंद सांगितले आहेत, आणि हात कधी स्वच्छ करायचे याचे पाच क्षणही ठरवून दिले आहेत. डायपर बदललेल्या हातमोज्यांनीच उशी सारखी करणे, ग्लास देणे, मोबाइल उचलणे हे घरोघरी चालते. हातमोजे घातले की हात स्वच्छ, असा समज पक्का बसला आहे.

हे शिकवायला किती वेळ लागतो? अमेरिकेत सरकारी मेडिकेअर योजनेतून घरी सेवा देणाऱ्या संस्थांच्या मदतनिसांना निदान 75 तासांचे प्रशिक्षण लागते, त्यात किमान 16 तास प्रत्यक्ष देखरेखीखालचा सराव, आणि पुढे दर वर्षी 12 तासांची उजळणी. जपानमध्ये सुरुवातीचा अभ्यासक्रम 130 तासांचा आहे. इंग्लंडमध्ये 2015 साली काळजीचे काम नव्याने करणाऱ्यांसाठी केअर सर्टिफिकेट आले, तेव्हा 15 मानकांचे, आणि घरी जाऊन अंगाची सेवा देणाऱ्या संस्थेला तिथल्या केअर क्वालिटी कमिशन या तपासणी करणाऱ्या यंत्रणेकडे नोंदणी करावी लागते. तिथे सगळे आलबेल आहे असा माझा दावा नाही. पण किमान काय यायला हवे, हे तिथे लिहिलेले आहे आणि ते येते का हे तपासणारा कोणी आहे. मला यातली सर्वात मोलाची वाटते ती अमेरिकेतल्या नियमातली एक गोष्ट. रुग्णाला परिचारिकेची सेवाही चालू असेल, तर मदतनिसाच्या कामाचा आढावा दर 14 दिवसांनी घेतला जातो. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र भिंतीवर राहते, हाताची सवय मात्र बघणारे कोणी नसले की सुटते. माझ्या वॉर्डातल्या चांगल्या चांगल्या मुलींचेही तेच होत असे, म्हणून राउंड असतात.

परिचारिकेने पहिल्या भेटीत काय करावे, तेही सांगते. रुग्णाची कातडी डोक्यापासून टाचेपर्यंत बघावी आणि आधीपासून असलेल्या खुणा लिहून ठेवाव्यात, म्हणजे पुढे वाद होत नाहीत. ब्रॅडन स्केल नावाचा बेडसोअरचा धोका मोजण्याचा तक्ता 1987 पासून वापरात आहे, तो भरायला फार वेळ लागत नाही. बाथरूमपर्यंतची वाट चालून बघावी. सुटी सतरंजी, ओली फरशी, रात्री न लागणारा दिवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे पडल्यामुळे मरतात, आणि त्यात साठीपुढची माणसे सर्वात जास्त. मग एक वही घालून द्यावी. बाजू कधी बदलली, किती खाल्ले, लघवी-शौच, औषध कोणी दिले, कातडी कशी आहे, आणि कोणती लक्षणे दिसली तर कोणाला फोन करायचा. वही खाटेजवळ राहावी, संस्थेच्या कचेरीत नाही. ड्युटी बदलली, बदली माणूस आला, तरी वहीतून काम पुढे जाते. बदली माणसाच्या पहिल्या रात्री जास्त घोटाळे होतात, हे कोणतीही सिस्टर सांगेल.

दोन गोष्टींवर मात्र तडजोड नको. रुग्णाचे हात बांधणे आणि रात्री त्रास देऊ नये म्हणून डॉक्टरांना न विचारता झोपेची गोळी देणे. दोन्ही घडते, कधी घरच्यांच्या संमतीने घडते. हात सोडायला सांगितले की ‘नळी ओढतात हो’ हे उत्तर मिळते. नळी ओढणाऱ्या रुग्णासाठी दुसरे उपाय असतात, ते परिचारिकेने आणि डॉक्टरांनी बसून ठरवायचे आहेत. रुग्णाचे फोटो आणि व्हिडिओ काढून पाठवणे हेही याच रांगेत बसवते. अर्धवट कपड्यातला माणूस कोणाच्या मोबाइलमध्ये जावा, याला त्याची परवानगी कोणी विचारलेली नसते.

आणि ही देखरेख त्या काम करणाऱ्या बाईसाठीही हवी आहे. चोवीस तासांची ड्युटी म्हणजे दर दोन तासांनी उठून रुग्णाला वळवणे, आणि सकाळी परत अंघोळ, भरवणे, कपडे. कोणता माणूस हे महिनाभर सलग करील? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2011 च्या 189 क्रमांकाच्या करारात घरकाम करणाऱ्यांना आठवड्यात सलग 24 तासांची सुटी सांगितली आहे. घरात राहून रुग्णसेवा करणाऱ्या बायकाही त्यात मोडतात. सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाला एकटीने उचलताना तिची कंबर जाते. अशा रुग्णाला सरकपट्टा आणि चादरीने दोघांनी मिळून सरकवायचे असते. घरातल्या कोणाच्या वागण्याची भीती वाटली तर ती कोणाला सांगणार? महिन्यातून दोनदा येणारी सिस्टर ही तिच्यासाठी बोलायची जागा असते. ती जागा नसली की बाई एक दिवस न सांगता निघून जाते आणि घरचे पुन्हा नवा माणूस शोधतात.

संस्थांचे उत्तर मला ठाऊक आहे. परिचारिका पाठवायची तर खर्च वाढेल, घरच्यांना परवडणार नाही. पण दर महिन्याच्या पगारातून संस्था आपले कमिशन घेतेच. माणूस दारापर्यंत पोचवला की संपले, एवढ्यासाठी ते कमिशन दर महिन्याला कसे द्यावे? परिचारिकेची भेट त्यातूनच निघाली पाहिजे. सरकारने नोंदणी देताना ही अट घालावी. ती येईपर्यंत घरच्यांनी एवढे करावे, की करारावर देखरेख करणाऱ्या परिचारिकेचे नाव, तिचा नोंदणी क्रमांक आणि पुढच्या भेटीची तारीख लिहिलेली नसेल, तर सही करू नये.

आपली,
एक निवृत्त परिचारिका