माझे कान तुम्ही टोचलेत

ताई,

हे पत्र तुम्हाला फारसं आवडणार नाही. समोर कुणी तोंडभरून बोलायला लागलं की तुम्ही कानस उचलता आणि आधीच गुळगुळीत असलेलं काहीतरी घासत बसता. म्हणून बोलत नाही, लिहितो. आणि लिहितोय ते चारचौघांत, कारण घरच्या टेबलावर चांदी आणि खडे मांडून बसलेले, कानातल्यांचे पहिले दहा-बारा जोड विकले गेल्यावर आता आपल्याला येतं असं वाटू लागलेले माझ्यासारखे पुष्कळ असणार. त्या प्रत्येकाच्या शेजारच्या टेबलावर तुम्ही नसणार.

प्रदर्शनात आपली टेबलं शेजारी आली हा निव्वळ योगायोग. दुपारी गर्दी ओसरल्यावर तुम्ही उठून आलात आणि माझा सगळ्यात दिमाखदार जोड उचललात. अमेथिस्टचे मोठे जांभळे थेंब, वर चांदीची जाळी. मी कौतुकाची वाट बघत होतो. तुम्ही तो जोड उलटा केलात. मागच्या बाजूवरून अंगठा फिरवलात, कानात अडकवायच्या आकड्याचं टोक गालाला लावून पाहिलंत, मग पर्समधून तळहाताएवढा वजनकाटा काढून त्यातलं एक कानातलं त्यावर ठेवलंत. ११.४ ग्रॅम.

"समोरून छान आहे," म्हणालात. "पण हे घालणार कोण?"

मला राग आला होता, आज सांगून टाकतो. मनात म्हटलं, घेणारे घेतातच की. ते तुम्हाला ऐकू गेलं असावं, कारण तुम्ही पिशवीतून दोन क्लिपा काढल्यात, भोक नसलेल्या कानाला लावायच्या. "आज रात्री घरी घाल. भांडी घास, बूट घाल, फोनवर बोल. मग सांग."

मी पुरुषमाणूस, कानात कधी काही अडकवलेलं नाही. त्या रात्री अडकवलं. चाळीस मिनिटांत पाळ्या लालबुंद. मान वळवली की थेंब जबड्यावर आपटायचे, फोन कानाला लावला की जाळी रुतायची. क्लिपेचा चावा वेगळा आणि भोकावर येणारा ताण वेगळा, हे खरं. पण मुद्दा कळायला तेवढं पुरलं. दोन वर्षं जी वस्तू मी विकत होतो ती तासभरसुद्धा वापरून पाहिली नव्हती. कान सोनारानेच टोचावेत म्हणतात. माझे तुम्ही टोचलेत, तेही सुई न लावता.

त्यानंतर आठवड्यातून एक दिवस मी तुमच्या टेबलाशी यायला लागलो. काय द्यायचं असं विचारलं, तर म्हणालात, "येताना स्वतःची चांदी आण. माझी वितळवायची नाही." मी फक्त तुमचा वेळ वितळवला. तो भरून देणं शक्य नाही, म्हणून निदान त्यातून काय मिळालं ते तरी इथे मांडतो.

आधी पितळ. नवा घाट सुचला की मी थेट चांदीच्या पत्र्यावर करवत चालवायचो. तुम्ही त्याच जाडीचा पितळेचा पत्रा हातात दिलात. पितळेची घनता साधारण ८.५ आणि आपण वापरतो त्या चांदीची १०.४ च्या आसपास, म्हणजे पितळी नमुन्याचं वजन गुणिले १.२ केलं की चांदीत ते किती भरेल याचा अंदाज आधीच येतो. एका कानाला पाच ग्रॅमच्या वर जायचं नाही, ही तुमची मर्यादा. मला ती जाचक वाटली होती. पण त्याच अमेथिस्टच्या जोडात खडा कमी जाडीचा घेतला, जाळीची मागची पट्टी काढून टाकली, तार एक नंबर बारीक केली, आणि तो ४.८ वर आला. दिसायला फरक म्हणाल तर आता तो हलतो. आधी नुसता लटकायचा.

मग तोल. माझे टॉप्स कानात गेले की मान टाकायचे. कानात जाणारी दांडी मी नेमकी मधोमध झाळत, म्हणजे तापवून जोडत होतो, कारण मागून बघितलं तर मधोमधच शोभते. तुम्ही दांडी वरच्या तिसऱ्या हिश्शात सरकवायला लावलीत. वजन भोकाच्या खाली राहिलं की टॉप्स आपोआप पाळीला चिकटून बसतात. इतकी साधी गोष्ट, आणि ती न कळल्यामुळे मी फिरक्या मोठ्या मोठ्या करत सुटलो होतो.

पानाच्या आकाराच्या कानातल्यांची गोष्ट तर तुम्ही अजून हसून सांगता. दोन्ही पानं अगदी हुबेहूब एकसारखी कापली म्हणून मी खूश होतो. तुम्ही ती माझ्या दोन्ही कानांजवळ धरून आरसा पुढे केलात. एक पान चेहऱ्याकडे वळलेलं, दुसरं चेहऱ्यापासून पळत असलेलं. जोड म्हणजे दोन सारखे नग नव्हेत, एक आणि त्याचं प्रतिबिंब. तेव्हापासून पत्र्यावर आकृती काढताना दुसरा कागद मी उलटा चिकटवतो आणि मागे "डावं" असं लिहून ठेवतो.

आकड्यांवर तुम्ही मला सगळ्यात जास्त छळलंत. तार ०.८ मिलिमीटर, त्याहून जाड झाली तर पुष्कळांच्या भोकात जात नाही, फार बारीक झाली तर पाळीला कापते. टोक कापल्यावर त्याची धार डोळ्यांना दिसतच नाही. ती बघायची तुमची पद्धत म्हणजे जुना नायलॉनचा मोजा: टोक त्यावरून ओढायचं, धागा अडकला की परत घासायचं. माझे पहिले वीसच्या वीस आकडे मोज्यात अडकले. ते टोक मी तीन वेळा पॉलिश पेपरवर फिरवत होतो आणि तुम्ही दर वेळी शांतपणे मोजा पुढे करत होतात. त्या दिवशी मी दोनदा चप्पल घालून निघायच्या बेतात होतो, हे तुम्हाला माहीत नसेल.

दांडीचंही तसंच. झाळताना तापल्यामुळे चांदी नरम पडते, दांडी नुसत्या बोटाने वाकते. तुम्ही ती पकडीत धरून अर्धा पीळ दिलात. पिळाने ती कडक होते आणि झाळ कच्ची असेल तर तिथेच, आपल्या हातात निखळते. "गिऱ्हाइकाच्या कानात निखळण्यापेक्षा बरं," एवढंच म्हणालात. आता पीळ दिल्याशिवाय एकही दांडी माझ्या टेबलावरून हलत नाही. दहातली एखादी अजून निखळते.

खडे बसवण्याबद्दल लिहायला बसलो तर पत्र संपणार नाही, तरी मूनस्टोनचं लिहितोच. ८ मिलिमीटरचा गोल खडा, त्याभोवती वळवायची ०.३ मिलिमीटर जाडीची कोंदणपट्टी. पट्टीची लांबी मी अंदाजाने कापायचो आणि मग कानशीने रडायचो. तुम्ही हिशेब दिलात: खड्याचा व्यास अधिक पट्टीची जाडी, गुणिले ३.१४. म्हणजे २६ मिलिमीटर आणि केसभर. पट्टी बसली, तळ झाळला, आणि मी उत्साहाने खडा आत दाबून पाहिला. अगदी नेमका बसला. इतका नेमका की बाहेर येईना. मी सुई घातली, उचकटलं, आणि बारीक "टिक" असा आवाज आला. मूनस्टोनला चिरण्याच्या दोन ठरलेल्या दिशा असतात, त्यातल्या एका दिशेला त्याने कड सोडली होती. तुम्ही काही बोलला नाहीत. उठलात, दात साफ करायचा धागा आणलात, दुसरा खडा बसवण्याआधी तो कोंदणात आडवा टाकलात आणि वर खडा ठेवलात. दोन्ही टोकं धरून वर ओढलं की खडा उडून हातात. फुकटची युक्ती, आणि मला कुणी आधी सांगितली नव्हती. किंवा सांगितली असेल, मीच ऐकली नसेल.

पट्टी खड्यावर वळवतानाही मी गोल गोल जायचो आणि शेवटी एका जागी सगळी सुरकुती गोळा व्हायची. आधी वर, मग खाली, मग डावीकडे, मग उजवीकडे, आणि मग मधल्या जागा. पलंगावर चादर खोचतात तशी. ओपणी, म्हणजे घासून चकाकी आणणं, शेवटी.

एकदा मी सगळं गुलाबी करून ठेवलं होतं, आठवतंय? झाळल्यावरचा काळपटपणा जावा म्हणून सात जोडांची कोंदणं सायट्रिक अ‍ॅसिडच्या गरम पाण्यात टाकली आणि वीस मिनिटांनी काढली तर चांदीची तांब्याची झालेली. एका कोंदणाला झाळताना बांधलेली लोखंडी तार तशीच राहिली होती. त्या पाण्यात आधीच्या कामांमधलं तांबं विरघळलेलं असतं, लोखंड पडलं की ते तांबं चांदीवर येऊन बसतं. मला वाटलं, महिन्याची चांदी गेली. तुम्ही भांड्यात डोकावलात, तार बाहेर काढलीत, सायट्रिकच्या नव्या पाण्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून कोंदणं त्यात टाकलीत आणि म्हणालात, "बस आता." बसलो. गुलाबी रंग हळूहळू उतरला. घरी आल्या आल्या त्या भांड्याजवळचा स्टीलचा चिमटा मी उचलून दुसऱ्या खोलीत ठेवला.

हे सगळं हाताचं झालं. खरं अवघड होतं ते पुढचं.

माझ्या कार्डावर "शुद्ध चांदी" असं छापलेलं होतं. तुम्ही पेन काढून ते खोडलंत. शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी आणि उरलेलं बहुतेक तांबं, तर शुद्ध कशी? निव्वळ शुद्ध चांदी आकड्याला टिकणारच नाही, इतकी मऊ. "९२५ लिही, आणि का ते कुणी विचारलं तर सांग." पाचशे कार्डं छापली होती. ती आता खड्यांच्या पुड्यांवर नावं घालायला वापरतो.

आणि मग फिरोजा. स्वस्तात मिळाला म्हणून मी आनंदात होतो. तुम्ही कापसाच्या बोळ्यावर अ‍ॅसिटोन घेऊन एका मण्याच्या मागे घासलंत आणि बोळा निळा झाला. रंगवलेला हाउलाइट होता. मुळात पांढरा, राखाडी शिरांचा दगड. देणाऱ्याचं नाव इथे घेत नाही, विचारायला मीच हवं होतं. तोवर त्याचे सहा जोड गेलेले होते. मी म्हटलं, कुणाला कळणार आहे? तुम्ही उत्तर दिलं नाहीत, फक्त बोळा माझ्यासमोर ठेवलात. सहा जणींना मी कळवलं, पैसे परत देऊ केले. चौघींनी जोड ठेवून घेतले. हाउलाइटही दिसायला वाईट नसतो, फक्त त्याला त्याच्या नावाने हाक मारावी लागते. एकीने परत केला. एकीने उत्तरच दिलं नाही, आणि ती अजून माझ्या मनात आहे.

घडणावळ लावायलाही तुम्हीच शिकवलंत. मी चांदी आणि खड्याचे पैसे धरून वर काहीतरी अंदाजाने चढवायचो. तुम्ही टेबलावर घड्याळ ठेवलंत. मला वाटत होतं दोन तास. निघाले तीन तास पन्नास मिनिटं, त्यात फोटो, कार्ड आणि डबीत भरणं धरून. पण नव्या घाटाच्या पहिल्या जोडाचा वेळ तुम्ही धरू दिला नाहीत. "तो तुझ्या शिकण्याचा. पाचव्या जोडाचा धर." या एका वाक्याने माझे भाव एकाच वेळी प्रामाणिक झाले आणि मला परवडायलाही लागले.

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकणार नाही. गंधकाच्या पाण्याने काळवलेली चांदी तुम्हाला खपत नाही. झाळीचे डाग लपवायला लोक ती काळी करतात, म्हणता. करत असतील. मला लाल गार्नेटभोवती ती काळी रेघ आवडते आणि मी ती ठेवणार. फक्त आता काळवण्याआधी तुमच्या नजरेने एकदा बघून घेतो.

सोबत एक डबी पाठवतो आहे. तुमच्यासाठी केलेला पहिला जोड: मूनस्टोन, ८ मिलिमीटर, खाली तारेचा एक थेंब. डावं ४.१ ग्रॅम, उजवं ४.२. तो ०.१ कुठून आला ते मला सापडलं नाही, तुम्हाला सापडेल. मोज्यावरून ओढून पाहिला आहे, तरी तुम्ही ओढालच.

तुमचा,
शेजारच्या टेबलावरचा