‘सीटी नॉर्मल’ म्हणजे नेमकं काय?

महोदय,

मागच्या उन्हाळ्यात माझा भाचा वर्धा रोडवर गाडीवरून पडला. हेल्मेट होतं, पण डिक्कीत. डोक्याचा सीटी स्कॅन झाला; ‘सीटी नॉर्मल आहे’ ऐकून आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. ताई तर टेकडी गणपतीला नवस फेडायला निघाली होती. पण पोरगा अकरा दिवस डोळे उघडेना. मग एमआरआयमध्ये कळलं, झटक्याने मेंदूतले तंतू आतल्या आत ताणले-तुटले होते. सीटीत कवटीचं फ्रॅक्चर, ताजा रक्तस्राव चटकन दिसतो; ही बारीक इजा पुष्कळदा निसटते. आणि एमआरआय झाला तरी ‘कितपत बरा होईल’ याचा अंदाजच. वय, डोळ्यांच्या बाहुल्यांचा उजेडाला प्रतिसाद, रुग्ण कितपत शुद्धीवर आहे हे मोजणारी ३ ते १५ गुणांची ग्लासगो कोमा स्केल, सगळं जोडून तो बांधतात.

हे आम्हाला एका निवासी डॉक्टरने लिफ्टमध्ये सांगितलं. दोन मिनिटं लागली. पहिल्या रात्री बाकड्यावर बसलेल्यांना ती का मिळू नयेत? रुग्णालयांनी आयसीयूबाहेर मराठीत निदान एक कागद तरी चिकटवावा.

भाचा आता चालतो. बहिणीचं नाव घेताना मात्र क्षणभर अडतो.

– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर