फोटो भलत्याच हॉटेलचा!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला हवाईतल्या वायकिकीच्या मोआना सर्फरायडर हॉटेलवरचा लेख वाचला. लेख मोआनाचा आणि फोटो रॉयल हवाईयनचा! अहो, मोआना पांढरं, १९०१ सालचं. गुलाबी ते रॉयल हवाईयन, १९२७ चं. छापण्याआधी कोणी बघत नाही का?

असो, फोटोचं सोडा. "एकदा तरी या ऐतिहासिक हॉटेलात राहाच" असं लेखिकाबाई लिहून मोकळ्या झाल्या, पण तिथे जुनं किती आणि नवं किती, हे एका ओळीत सांगायला काय झालं होतं? आम्ही मुलीकडे कॅलिफोर्नियाला गेलो तेव्हा मोआनाचं बुकिंग इथल्याच, पुण्यातल्या एका एजंटकडून केलं होतं, सुरुवातीला ७५ खोल्या, प्रत्येकीत बाथरूम आणि टेलिफोन, हवाईतली पहिली विजेची लिफ्ट, हे सगळं त्यानेच रंगवून सांगितलेलं. तिथे पोचल्यावर काउंटरवरच्या मुलीने नकाशा काढला आणि पेनने गोल केला तो टॉवर विंगवर, म्हणजे १९६९ ची बिल्डिंग! जुनी ती बॅनियन (म्हणजे वड) विंग, तिचं बुकिंग वेगळं. व्हाउचरवर बारीक अक्षरात टॉवर लिहिलेलंच होतं, तेव्हा हॉटेलला काय बोलणार. एजंटला फोन लावला तर म्हणतो, "काका, हॉटेल तर तेच आहे ना, लिफ्टने खाली आलात की झालं!" वा! म्हणजे वाड्यात उतरवतो सांगून मागच्या सोसायटीतला फ्लॅट द्यायचा. खोली बघून आमची ही म्हणाली, "हे तर बाणेरला पण मिळालं असतं."

मग काय, रोज सकाळी खाली येऊन व्हरांड्यातल्या झुलत्या खुर्चीत बसायचं. अंगणात १९०४ साली लावलेला वड आहे, आपल्याच जातीचा, पारंब्यांचा, आणि त्याच्याखाली बसायला खोली घ्यावी लागत नाही बरं का, बाहेरचे लोकही खुशाल येऊन खातपीत बसतात. हे छापलं असतं तर कोणाचे तरी पैसे वाचले असते. शिवाय वायकिकीतली बहुतेक मोठी हॉटेलं खोलीभाड्यावर रोजची रिसॉर्ट फी वेगळी लावतात, त्याबद्दलही लेखात चकार शब्द नाही. निदान पुढच्या रविवारी बरोबर फोटो तरी छापा.

ता. क. शब्दकोड्याचं उत्तर या वेळीही छापून आलेलं नाही. उभे सात काय होतं, तेवढं कळवा.

आपला,
एक जुना वाचक, सहकारनगर, पुणे