फॅटी लिव्हरचा ग्रेड बघून निवांत होऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फॅटी लिव्हरवर तुमच्या पुरवणीत तेल कमी करा, चाला, दारू सोडा असं येतं ते बरोबरच आहे, पण एक मुद्दा कायम राहून जातो. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, रोज बघतो, सोनोग्राफीत ग्रेड १ आला की पेशंट निवांत आणि ग्रेड २ म्हटलं की घरात रडारड. अहो, हा ग्रेड चरबीचा आहे! लिव्हरवर व्रण किती पडलेत, म्हणजे फायब्रोसिस, ते त्यातून कळत नाही आणि सिरॉसिसकडे (लिव्हर व्रणांनी भरून निकामी होत जाणं) नेतं ते फायब्रोसिसच.

चरबी आणि व्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लिव्हरमधल्या प्रोटीन्सवरूनही दिसतं. पीएनपीएलए३ नावाचं एक प्रोटीन आहे, २००८ साली अमेरिकेत डॅलसच्या अभ्यासात त्याचा फॅटी लिव्हरशी संबंध सापडला. काहींच्या जीनमध्ये छोटासा बदल असतो, मग हे प्रोटीन वेळेवर मोडीत निघत नाही, चरबीच्या थेंबांवर साचून राहतं आणि चरबी फोडणाऱ्या एन्झाइमच्या मदतनीसालाच अडकवून ठेवतं. अशा लोकांना चरबीही जास्त आणि व्रणांचा धोकाही जास्त. याउलट एचएसडी१७बी१३ हे दुसरं प्रोटीन ज्यांच्यात जन्मतःच नीट काम करत नाही त्यांच्यात सिरॉसिस कमी दिसतो (२०१८ चं संशोधन), गंमत म्हणजे त्यांची चरबी मात्र कमी नसते!

त्यामुळे बारीक, न पिणाऱ्या माणसाला फॅटी लिव्हर निघालं की "चोरून पितोस का" असं विचारणाऱ्या नातेवाईकांनी जरा गप्प बसावं. पण जीनवर ढकलून वडापाव चालू ठेवायचा हेही नको, वजन वाढलं की हाच बदल जास्त त्रास देतो आणि वजन उतरवलं तर अशा लोकांनाही फायदा होतोच. आणि लगेच महागडी जीन टेस्ट करायलाही धावू नका, रिझल्ट काहीही आला तरी पहिला सल्ला वजनाचाच मिळणार.

त्यापेक्षा रक्ततपासणीचे जुने रिपोर्ट काढा, त्यात एसजीओटी आणि एसजीपीटी हे लिव्हरच्या एन्झाइमचे आकडे असतात. वर वय गुणिले एसजीओटी, खाली प्लेटलेट्स (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, वरच्याला खालच्याने भागा, याला फिब-४ म्हणतात. समजा वय ५०, एसजीओटी ४०, एसजीपीटी ३६, प्लेटलेट्स दोन लाख, तर उत्तर १.६७. १.३ च्या खाली असेल तर व्रणांची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर लिव्हरच्या डॉक्टरकडे जायचं, मधे असेल तर फायब्रोस्कॅनचं (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) विचारायचं. ३५ च्या आतल्यांना हे नीट लागू पडत नाही आणि ६५ नंतर १.३ ऐवजी २ धरतात.

एवढं गणित लॅबचं सॉफ्टवेअर सेकंदात करेल, पण आम्ही रिपोर्टखाली फुल बॉडी पॅकेजची जाहिरात छापतो. तुम्ही तरी पुढच्या पुरवणीत हे चौकटीत द्या, लोक कापून ठेवतील.

आपला,
एक लॅब टेक्निशियन, सांगली