शिट्ट्या मोजून स्वयंपाक होत नसतो

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला स्वयंपाकघरातल्या बदलत्या वस्तूंवरचा लेख वाचला. मांडणी देखणी आहे. पाटा-वरवंटा, जाते, बंब सगळ्यांची हजेरी घेऊन लेखिका कुकरपाशी आल्या आणि "चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद" असा मंत्र देऊन पुढे गेल्या. कुकर किती लिटरचा, आच केवढी, आत काय लावले आहे, असले क्षुद्र प्रश्न त्यांना पडले नाहीत, हे त्यांचे भाग्य.

शिटी ही जादा वाफ बाहेर सोडण्याची सोय आहे. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोने वाढला की वजन उचलले जाते. त्या दाबाला पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. डाळ त्या तापमानात किती मिनिटे राहिली यावर ती शिजते. वजन किती वेळा उडाले याच्याशी तिला देणेघेणे नाही. मोठ्या आचेवर दोन लिटरचा कुकर धडाधड चार शिट्ट्या देऊन मोकळा होतो आणि आत तूरडाळ कणीदारच. पाच लिटरच्या कुकरात डबे रचून गॅस बारीक ठेवला, तर चौथ्या शिटीची वाट बघेपर्यंत भाताचा गोळा. इंडक्शनवर आणखी वेगळी तऱ्हा. आणि ज्या कुकरांचे वजन शिटी न देता नुसतेच फुसफुसते, त्यांच्या धन्यांनी काय मोजायचे?

पद्धत सोपी आहे. तळात जाळी आणि निदान दोन पेले पाणी. पाण्यात चिंचेचा तुकडा किंवा पिळलेल्या लिंबाची फोड टाकावी, नाहीतर ॲल्युमिनियम आतून काळे पडते. झाकण लावल्यावर शिटी लगेच बसवू नये. नळीतून वाफेची सरळ धार येऊ लागली की आतली हवा गेली असे समजून मग बसवावी. पहिली शिटी झाली की गॅस बारीक करावा आणि घड्याळ बघावे. डब्यातल्या भाताला पाच-सहा मिनिटे, अर्धा तास भिजलेल्या तूरडाळीला दहा, रात्रभर भिजलेल्या हरभऱ्यांना पंधरा ते वीस. त्यानंतर गॅस बंद करून कुकर आपोआप पडू द्यावा, कारण तेवढ्या वेळातही आतले शिजतच असते.

शिट्ट्यांच्या नादात काय होते? प्रत्येक शिटीबरोबर तळातले पाणी कमी होते. ते संपले की कुकर कोरडा तापतो आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधला लवकर वितळणारा धातू वितळून वाफेला वाट करून देतो. व्हॉल्व्ह उडाला म्हणजे त्याने आपले काम चोख केले. आपल्याकडे मात्र दुकानदाराला "जरा टिकाऊ द्या" असे सांगितले जाते. तो देतोही, फुटपाथवरच्या मालातला, कधीच न वितळणारा. नव्या कुकरला आयएसआय चिन्ह २०२१ पासून सक्तीचे झाले, हे चांगलेच. पण त्याच कुकरला पुढे घरोघरी काय काय बसवले जाते ते कोण बघणार? मसूर किंवा मूगडाळ थेट कुकरात लावली तर फेस येऊन साले नळीत अडकतात. म्हणून अशा वेळी कुकर अर्ध्याच्या वर भरू नये, चमचाभर तेल घालावे, आणि शिटी बसवण्याआधी नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते पाहावे. रिंग ताठरली की कडेने वाफ सुटते. तिला कणीक थापून चालवू नये, सरळ बदलावी. मात्र जुने झाकण बरोबर नेल्याशिवाय हल्ली मापाची रिंग मिळणे कठीण, इतक्या तऱ्हा निघाल्या आहेत. बदलच दाखवायचा होता, तर हा दाखवायचा.

फोटोखाली 'आतल्या झाकणाचा कुकर' असे छापले आहे आणि फोटोतले झाकण बाहेरचे आहे! दोन्हींत फरक आहे. २० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर आतून तीनशे किलोंच्या वर रेटा असतो. आतले झाकण त्या रेट्याने तोंडाशी घट्ट बसते आणि कुकर पडल्याशिवाय खाली दबतच नाही. बाहेरचे झाकण फिरवून उघडते, त्यामुळे तिथे खाचा झिजलेल्या असल्या आणि घाईने जोर लावला की ऐनवेळी घात होतो. शिटी चमच्याने किंचित उचलून वाफ उरली नाही ना, एवढे बघायला कितीसा वेळ लागतो?

"चुलीवरच्या पातेल्यावरून आपण थेट प्रेशर कुकरवर आलो" हे विधानही घाईचे. भारतात प्रेशर कुकर बनू लागले १९५९ च्या सुमारास. त्याच्या कितीतरी आधी, १९१० मध्ये, कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर काढला होता. खाली कोळशाची शेगडी, वर एकावर एक डबे, दाब अजिबात नाही, नुसती वाफ.

आपल्या पाककृतींच्या सदरात यापुढे शिट्ट्यांऐवजी मिनिटे आणि कुकरचे माप छापावे, ही विनंती. आणि ते सदर केशरी पानावर पिवळ्या अक्षरांत छापणे ज्याला सुचले, त्याने एकदा ते ट्यूबलाइटखाली स्वतः वाचून दाखवावे.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली